लेपाची कसोटी

तांब्यापितळेची भांडी घरोघरी वापरात होती त्या काळी कल्हईवाल्याची आरोळी ऐकू आली की घरातली भांडी अंगणात येत. कल्हईवाला प्रथम भांडे घासून स्वच्छ करी, भात्याने निखारे फुलवून ते तापवी, नवसागराची पूड टाकून उरलासुरला मळ काढी आणि मगच कथील लावून कापसाच्या बोळ्याने त्याचा पातळ, चकचकीत थर आतून सर्वत्र फिरवी. भांडे पुरेसे तापलेले नसले किंवा कोठे मळ राहिला असला, तरी त्या दिवशी कल्हई तितकीच चमकत असे. दोष कळे तो पुढे, एखाद्या ठिकाणची कल्हई उडून भांड्यात ठेवलेले ताक कळकले म्हणजे. धातूवर परक्या पदार्थाचा लेप देताना काय सांभाळावे लागते, याचे बरेचसे शास्त्र त्या साध्या कृतीत सामावलेले आहे. लेप पहिल्या दिवशी कसा दिसतो यावरून त्याची योग्यता ठरत नाही. उष्णता, पाणी आणि काळ यांच्यापुढे तो धातूला किती धरून राहतो, यावर ती ठरते.

आज हा प्रश्न स्वयंपाकघरातून निघून फार मोठ्या जागी जाऊन पोहोचला आहे. जमिनीखालून शेकडो किलोमीटर जाणाऱ्या तेलाच्या व वायूच्या नळ्या, जहाजांचे तळ, रसायनांच्या टाक्या, समुद्रावरील पुलांच्या काँक्रीटमध्ये गाडलेल्या लोखंडी सळया, अशा अनेक वस्तूंना गंजापासून वाचविण्याचे काम एपॉक्सी नावाच्या कृत्रिम राळेवर सोपविले जाते. सळईवरील या लेपाची जाडी माणसाच्या केसाच्या तिप्पट-चौपट एवढीच असते. एवढ्याशा पापुद्र्याच्या भरवशावर पुलाचे आयुष्य ठरवावयाचे, तर तो पापुद्रा विश्वासास पात्र आहे की नाही, हे आधी पारखून घेणे प्राप्तच आहे.

एपॉक्सीचा जन्म विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्तान हा रसायनशास्त्रज्ञ दंतवैद्यकास लागणाऱ्या साहित्याचा शोध घेत असता या राळेपर्यंत पोहोचला. सुमारे त्याच काळात अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली हा शास्त्रज्ञ रंग आणि लेप यांच्या दिशेने त्याच शोधाकडे आला. १९४६ साली बाझेल येथील औद्योगिक प्रदर्शनात 'अराल्डाइट' या नावाने ही राळ लोकांपुढे मांडली गेली. पुढे हे नाव भारतातही घरोघरी पोहोचले. तुटलेली कपबशी किंवा निखळलेली मूठ जोडण्यासाठी दोन नळ्यांतील दोन द्रव्ये एकत्र कालवावी लागतात, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांतील एक द्रव्य म्हणजे राळ आणि दुसरे तिला कठीण करणारे हार्डनर. दोहोंचे अणुसमूह परस्परांत गुंतून एक विस्तीर्ण जाळे विणतात. एकदा हे जाळे विणले गेले की तो पदार्थ पुन्हा वितळत नाही. घट्ट होताना तो फारसा आकसत नाही आणि धातूच्या पृष्ठभागाशी त्याचे चांगले सख्य जमते. या दोन गुणांमुळेच लेपासाठी त्याची निवड झाली.

पुलातील सळईला अशा लेपाची गरज का भासावी, हेही पाहिले पाहिजे. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असते आणि त्या अल्कामुळे लोखंडाभोवती एक अदृश्य संरक्षक कवच तयार होते. परंतु समुद्राच्या पाण्यातील मीठ काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत झिरपते आणि ते कवच भेदते. मग लोखंड गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्याच्या फुगण्याने भोवतालचे काँक्रीट आतून तडकते, ढलपे सुटतात, आणि तडा गेला की मिठाला राजमार्गच मिळतो. १९७० साली बांधून झालेला गोव्यातील मांडवी नदीवरचा पूल १९८६ साली कोसळला. त्याच्या आतील ताणलेल्या पोलादी तारांना लागलेला गंज त्या नाशास कारण झाला. हे उदाहरण लेपाचे नव्हे. समुद्राच्या सान्निध्यात गंज किती अल्पावधीत घाला घालू शकतो, याचे आहे.

अमेरिकेच्या थंड प्रदेशात हीच आपत्ती दुसऱ्या वाटेने आली. हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळविण्यासाठी तेथे मीठ टाकतात आणि ते मीठ पुलांच्या पृष्ठातून सळयांपर्यंत पोहोचत असे. त्यावर उपाय म्हणून १९७३ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका पुलाच्या पृष्ठात एपॉक्सीचा लेप दिलेल्या सळया प्रथमच घालण्यात आल्या. या लेपाची कृती पाहिली म्हणजे कल्हईची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सळईवर कठीण कणांचा जोराचा मारा करून ती लख्ख व किंचित खरखरीत करतात. नंतर ती सुमारे २३० अंश सेल्सियसपर्यंत तापवितात आणि तिच्यावर विद्युत्भारित एपॉक्सीची कोरडी पूड फवारतात. पूड धातूला लागताच वितळते, पसरते, काही सेकंदांतच घट्ट होऊ लागते. लवकरच पाण्याचा फवारा देऊन सळई थंड केली जाते. लेपाची जाडी साधारणतः १७५ ते ३०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास. भारतातही अशा सळयांसाठी १९९३ साली १३६२० क्रमांकाचे भारतीय मानक सिद्ध झाले.

आता या लेपाची परीक्षा कशी होते ते पाहू. तिचा पहिला भाग उष्णतेचा. एपॉक्सी वितळत नाही हे खरे. पण विशिष्ट तापमान ओलांडले की तिचा स्वभाव बदलतो. त्या तापमानाखाली ती काचेसारखी ताठ असते, त्याच्या वर चामड्यासारखी लवचिक व मऊ होते. या सीमारेषेला काचसंक्रमण तापमान म्हणतात. ही सीमा ओलांडल्यावर लेपाची ताकद घटते, प्रसरण वाढते, आणि पाणी व क्षार यांना त्यातून वाट काढणे सोपे जाते. म्हणून लेप ज्या ठिकाणी राहणार तेथील उष्णतेपेक्षा ही सीमा पुरेशी वर असावी लागते.

ती मोजण्याचे उपकरण मोठे नाजूक असते. त्यात दोन चिमुकल्या ॲल्युमिनियमच्या वाट्या असतात. एकीत लेपाचा दहाएक मिलिग्रॅमचा कीस ठेवतात, दुसरी रिकामी. दोन्ही वाट्या एकाच वेगाने तापवीत नेतात आणि दोहोंना लागणाऱ्या उष्णतेतील फरक यंत्र नोंदवीत जाते. लेप ताठपणा सोडून मऊ होऊ लागतो त्या क्षणी त्याची उष्णतेची भूक एकदम वाढते, आणि कागदावरील रेषेत एक पायरी उमटते. ती पायरी म्हणजेच ती सीमा. यातील खरी खुबी दुसऱ्या फेरीत आहे. तोच नमुना थंड करून पुन्हा तापवितात. लेप कारखान्यात पूर्ण पक्व झालेला असेल, तर दोन्ही फेऱ्यांत पायरी जवळजवळ एकाच ठिकाणी येते. तो अर्धवट कच्चा असेल, तर पहिल्या फेरीच्या उष्णतेने त्याचे उरलेले जाळे विणले जाते आणि दुसऱ्या वेळी पायरी वर सरकते. सळई पुरेशी तापली नव्हती, घाई झाली होती, ही कारखान्यातील चूक अशा रीतीने दहा मिलिग्रॅमच्या किसातून उघड होते. मात्र नमुना आधी कोरडा करून घ्यावा लागतो. कारण मुरलेले पाणी ही पायरी दहा-वीस अंशांनीसुद्धा खाली ओढू शकते, आणि मग पहिल्या फेरीचा आकडा फसवा ठरतो.

भट्टीत तापविलेल्या लेपाची ही सीमा १०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर असते. परंतु जागेवरच दोन द्रव्ये कालवून नेहमीच्या तापमानात वाळविलेल्या कित्येक एपॉक्सींची सीमा ५०-६० अंशांपलीकडे जात नाही. विदर्भात किंवा राजस्थानात वैशाखातील दुपारी काळ्या रंगाच्या पोलादी टाकीचा पत्रा ६० अंशांच्या वर सहज जातो. युरोपातील थंड हवेत निर्दोष ठरलेला लेप अशा पत्र्यावर मऊ पडला, तर तो दोष लेपाचा म्हणता येत नाही. त्याची परीक्षा ज्या हवामानात झाली त्याहून वेगळ्या हवामानात त्याला कामास लावले, एवढाच त्याचा अर्थ.

उष्णतेचा दुसरा प्रताप प्रसरणाचा. तापमान एका अंशाने वाढले की एक मीटर लांबीचे पोलाद मिलिमीटरच्या सुमारे १२ सहस्रांश भागाने लांबते. तेवढीच लांब एपॉक्सी, तीत दुसरे काही मिसळलेले नसेल तर, त्याच्या चार-पाच पट लांबू पाहते. दिवसाच्या उन्हात आणि रात्रीच्या गारव्यात चाळीस अंशांचे अंतर पडले, तर पोलाद अर्धा मिलिमीटर हलते आणि लेपाला दोन मिलिमीटरांहून अधिक हलावेसे वाटते. पण तो तर धातूला चिकटलेला. दोघांच्या या ओढाताणीचा ताण रोज त्यांच्या सांध्यावर पडतो. म्हणून तापविणे आणि गार करणे यांची अनेक आवर्तने देऊन लेप तडकतो की सुटतो, हे पाहण्यात येते. कॅनडासारख्या शीत देशात तर नळ्यांवरील लेप उणे ३० अंशांपर्यंत गारठवून, मग वाकवून पाहण्याची प्रथा आहे.

परीक्षेचा दुसरा भाग चिकटपणाचा. शास्त्रीय परिभाषेत दोन भिन्न पदार्थांच्या परस्पर धरून राहण्याला आसंजन आणि एकाच पदार्थाच्या कणांनी परस्परांना धरून राहण्याला संसंजन म्हणतात. सर्वांत सोपी कसोटी जाळीच्या कापाची. पातळ लेपावर धारदार पात्याने सहा उभे आणि सहा आडवे काप धातूपर्यंत घेतात. पंचवीस चिमुकले चौकोन तयार होतात. त्यांवर चिकटपट्टी दाबून ती ओढून काढतात आणि किती चौकोन उखडले ते मोजतात. येथे एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. आंतरराष्ट्रीय मानकात शून्य हा उत्तम लेपाचा आणि पाच हा सर्वांत वाईट लेपाचा अंक आहे. अमेरिकन पद्धतीत नेमके उलट, तेथे पाच सर्वोत्तम. कोणत्या पद्धतीने मोजले हे न लिहिता नुसता आकडा कागदावर नोंदविला, तर वाया गेलेला लेपही प्रशस्तिपत्र मिळवून जाईल.

जाड लेपासाठी ओढीची कसोटी वापरतात. २० मिलिमीटर व्यासाचे धातूचे एक बटण लेपावर गोंदाने घट्ट बसवितात आणि ते सरळ वर ओढत ओढीचा जोर हळूहळू वाढवीत नेतात. लेपाने पाच मेगापास्कलपर्यंत दम धरला असे म्हणतात, तेव्हा त्या आणेलीएवढ्या बटणाने सुमारे १६० किलो वजनाची ओढ सोसलेली असते. पण जाणता परीक्षक आकडा पाहून थांबत नाही; तो बटण उलटे करून पाहतो. त्याच्या तळाशी लेपाचा थर आला आहे आणि धातू उघडा पडला आहे, तर धातूशी असलेले आसंजन तुटले. लेप मधूनच दुभंगला असेल, तर संसंजन तुटले आणि धातूशी असलेली पकड त्याहून बळकट ठरली. आणि बटणाचा गोंदच सुटला असेल, तर लेपाची परीक्षा झालीच नाही. त्याची ताकद निदान एवढी आहे, इतकेच कळले. एकाच आकड्याचे असे तीन भिन्न अर्थ संभवतात.

या सर्व कसोट्यांना उतरलेला लेपही दगा देऊ शकतो, हे फ्लोरिडातील पुलांनी दाखवून दिले. अमेरिकेच्या दक्षिण टोकाशी समुद्रात पसरलेल्या छोट्या बेटांना जोडणारे नवे पूल १९८० च्या सुमारास बांधून झाले. त्यांच्या खांबांतील सळयांना एपॉक्सीचा लेप होता. पेनसिल्व्हेनियासारख्या प्रदेशातील अनुभव अनुकूल असल्याने कोणाला शंका घेण्याचे कारण नव्हते. पण १९८६ साली, म्हणजे पुरी दहा वर्षेही लोटली नव्हती तोच, भरतीच्या पाण्याचे तुषार जेथे सतत उडतात त्या भागात खांबांचे काँक्रीट तडकू लागले. फोडून पाहिले तेव्हा आतील सळया गंजलेल्या आढळल्या. त्याहूनही विचारात पाडणारी गोष्ट पुढील शोधांतून उघडकीस आली. जेथे गंज अजून पोहोचला नव्हता, अशा ठिकाणीही लेप धातूपासून सुटलेला होता. सुरीचे टोक घातले की तो सालीसारखा निघून येई. पुढे फ्लोरिडाने पुलांसाठी अशा सळयांचा वापर सोडून दिला.

याचे कारण पाण्यात आहे. एपॉक्सी पाण्याला अडविते, पण पूर्णतः नाही. वर्षानुवर्षे ओल्या राहिलेल्या लेपातून पाण्याचे कण हळूहळू धातूपर्यंत पोहोचतात. धातूच्या पृष्ठभागाला राळेपेक्षा पाण्याची ओढ अधिक; त्यामुळे पाणी दोघांच्या मध्ये शिरते आणि राळेची जागा बळकावते. थंड प्रदेशातील पुलाचे पृष्ठ अधूनमधून वाळते, फ्लोरिडातील खांब मात्र उबदार खाऱ्या पाण्याने अहोरात्र भिजत होते. त्यात सळया वाकविताना, वाहून नेताना व उघड्यावर ठेवताना लेपाला पडलेले ओरखडे हे मिठाला प्रवेशद्वार झाले. ओरखड्याशी सुरू झालेला गंज मग सुटलेल्या लेपाखालून पसरत गेला.

म्हणून कोरड्या नमुन्यावर घेतलेल्या कसोटीला ओल्या कसोटीची जोड द्यावी लागते. लेप दिलेला तुकडा ७५ अंशांच्या गरम पाण्यात २४ तास, आणि अधिक कठोर परीक्षेत २८ दिवस, बुडवून ठेवतात. मग लेपात आयताकृती काप घेऊन सुरीच्या टोकाने तो उचकटून पाहतात. दुसऱ्या एका कसोटीत लेपाला मुद्दाम तीन मिलिमीटरचे छिद्र पाडून तो मिठाच्या पाण्यात ठेवतात, धातूला ऋण विद्युद्दाब देतात आणि ठरावीक मुदतीनंतर छिद्राभोवती लेप किती दूरपर्यंत सुटला ते मोजतात. निर्दोष लेप किती चांगला आहे, हा प्रश्न येथे विचारलेला नसतो. जखम झाल्यावर ती किती पसरू द्यावयाची हे लेपाच्या हाती किती आहे, ते येथे कळते. न दिसणारी छिद्रे शोधण्यासाठी ओला स्पंज लेपावरून फिरवितात. ६७ व्होल्टच्या आसपासच्या विद्युद्दाबाला कोठे धातूपर्यंत वाट मिळाली की घंटा वाजते. अशा सुटलेल्या जागेला या व्यवसायात 'हॉलिडे' म्हणतात. रंगाऱ्याचा हात जेथे सुट्टीवर गेला ती ही जागा!

उष्णता आणि पाणी यांच्याबरोबरच काळ हाही एक परीक्षकच आहे. अमेरिकेतील बॉस्टन शहरात एका बोगद्याचे काँक्रीटचे जड छत वरच्या भागात बसविलेल्या बोल्टांना टांगलेले होते आणि ते बोल्ट छिद्रांत एपॉक्सीने चिकटविलेले होते. १० जुलै २००६ रोजी या छताचा एक भाग खालून जाणाऱ्या मोटारीवर कोसळला आणि आतील एका महिलेचा अंत झाला. चौकशीत आढळले की वापरलेली झटपट घट्ट होणारी एपॉक्सी सततच्या भाराखाली हळूहळू सरकत होती. बोल्ट बसविल्यावर ते ओढून पाहिले नव्हते असे नाही. अल्पकाळाच्या त्या ओढीत ते टिकले होते. १९९९ साली काही बोल्ट खाली सरकलेले दिसलेही होते, परंतु त्या इशाऱ्याचे मूळ शोधले गेले नाही. पळभराचा भार पेलणे आणि तोच भार वर्षानुवर्षे पेलणे हे राळेच्या बाबतीत दोन निराळे गुण आहेत. पहिल्याची परीक्षा घेऊन दुसऱ्याची खात्री मिळत नाही.

भारताच्या दीर्घ समुद्रकिनाऱ्याला या साऱ्या अनुभवाचे मोल मोठे आहे. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या खाड्यांवर उष्णता, मीठ आणि आर्द्रता तिन्ही एकाच वेळी नांदतात. पावसाळ्यात तर लेप देण्याची वेळ साधणे हेच कौशल्य ठरते. धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश वर असल्याखेरीज त्यावर लेप देऊ नये, असा नियम आहे. अन्यथा डोळ्यांना न दिसणारे दव धातूवर जमते आणि लेप धातूला चिकटण्याऐवजी पाण्याला चिकटतो. हा नियम पाळण्यास एक तापमापक, एक आर्द्रतामापक आणि थोडा धीर एवढेच लागते. पण मुदत जवळ आली आणि आभाळ भरून आले म्हणजे या तिन्हींपैकी धीर प्रथम सुटतो. कारखान्यातील उत्तम लेपही बांधकामाच्या जागी सळया फेकल्याने, फरफटत नेल्याने किंवा महिनोन्महिने उन्हापावसात ठेवल्याने निकामी होतो. म्हणून प्रयोगशाळेतील नमुन्याबरोबर जागेवर आलेल्या सळईचीही तपासणी झाली पाहिजे, आणि आकड्यासोबत लेप कोठे तुटला याचीही नोंद राहिली पाहिजे.

कसोटी ही अखेर पदार्थाला विचारलेला एक प्रश्न असते, आणि पदार्थ विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. कोरड्या दिवशी, क्षणभर ओढून, "तू चिकटला आहेस काय?" असे विचारले, तर तो प्रामाणिकपणे "होय" म्हणेल. पाण्यात, उन्हात आणि वीस वर्षांनंतरही तो चिकटून राहील काय, हे त्याला विचारलेलेच नसते. सळई एकदा काँक्रीटमध्ये गाडली गेली की तिला पुन्हा काही विचारता येत नाही. पुलावरून रोज जाणाऱ्या माणसाला आतील लेप कधीच दिसत नाही. तो पूल बांधणाऱ्यांवर विश्वास ठेवून जातो. त्या विश्वासास जागावयाचे, तर जे विचारावयाचे ते आधीच, भिजवून, तापवून आणि पुरेसा अवधी देऊन विचारले पाहिजे.